अम्मीच्या चालीने मुंबई



आपल्या घरांतून मुंबईला जाणं काही नवीन नाही. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाचा पासपोर्ट असतो, कुणाच्या लग्नाचा बस्ता असतो, आखातात निघालेल्या मुलाला विमानतळावर सोडायचं असतं. काम झालं की रात्रीची गाडी पकडून परत. त्यामुळे वर्षानुवर्षं मुंबईला जाऊन आलेल्या बाईला विचारा, 'मुंबईत काय बघितलं?' ती दवाखान्याचा जिना सांगेल, भेंडीबाजारातलं कापडाचं दुकान सांगेल. त्यापुढे फारसं काही सांगायला तिच्याकडे नसतं.

माझ्या सासूबाई, आमच्या अम्मी, त्यातल्याच. त्या खेडजवळच्या गावात राहतात. अब्बांच्या आजारपणात त्या महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईला येत. अब्बा अल्लाहला प्यारे झाल्यावर ते येणंही थांबलं. मागच्या हिवाळ्यात मुलांनी हट्ट धरला, 'दादीला मुंबई दाखवू या.' यादी मुलांनीच केली, एका दिवसात नऊ ठिकाणं. दुपारी बाराच्या सुमारास आम्ही हाजी अलीला पोचलो, तर दर्ग्याकडे जाणारा रस्ता पाण्याखाली. पौर्णिमा होती आणि भरतीची वेळ कुणीच बघितली नव्हती. अम्मी कठड्यावर बसल्या, गुडघा चोळत म्हणाल्या, "तुम्ही पुढचं बघून या. मी बसते हितंच."

चूक आमचीच होती. यादी मुलांच्या पायांनी केली होती आणि चालायला लावलं होतं अम्मींना.

या वर्षी पुन्हा दोन दिवस काढले, पण या वेळी यादी अम्मींच्या पायांनी केली. घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाचा विचार करून सहल ठरवली की बाकीच्यांचंही बघणं नीट होतं, हा आमचा अनुभव. म्हणून या महिन्याच्या सदरात तीच दोन दिवसांची मुंबई सांगते. थंडीचे दिवस आहेत, कुठल्याही शनिवार-रविवारी जमेल.

निघण्याआधी

दिवसाला तीनच ठिकाणं ठेवा. चौथं सुचलं तर पुढच्या खेपेला.

उतरायची जागा सीएसएमटी ते क्रॉफर्ड मार्केट या भागात बघा. हे केवळ सोयीचं म्हणून नाही. पुरुषांना नमाजसाठी रस्त्यात कुठेही मशीद सापडते. बायकांना मात्र सगळीकडे जागा मिळेलच असं नसतं आणि मग घराबाहेर पडलेल्या बाईची जुहर-असर चुकते, किंवा तिचं अर्धं लक्ष तिकडेच राहतं. खोली जवळ असली की दुपारी परत येऊन वुजू करता येतो, निवांत नमाज होते, तासभर आडवंही होता येतं. स्वच्छतागृहाचा प्रश्नही त्यातच सुटतो. आपल्याकडच्या बायका प्रवासात तहान मारून बसतात, ती या एकाच कारणासाठी.

लांबून येणाऱ्यांना मुसाफिराची सवलत आहेच. आपल्या कोकणी घरांतून शाफई मसलक आहे, त्यात मुसाफिराला कस्रबरोबर जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याचीही सवलत आहे. हनफी मसलकात कस्र आहे, पण अशा तऱ्हेने दोन नमाजा एकत्र करत नाहीत. अंतराचा आणि मुक्कामाचा हिशोब आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून निघा.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असू शकतो. शनिवारच्या वर्तमानपत्रात तो छापून येतो. गुडघ्याचं दुखणं असेल तर लोकलचे पूल चढण्यापेक्षा चौघांत मिळून मीटरची टॅक्सी बरी पडते.

शनिवार सकाळ : वस्तुसंग्रहालय

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं. दार उघडतानाच पोचा, गर्दी कमी असते. आधार कार्ड जवळ ठेवा आणि तिकिटाच्या खिडकीवर ज्येष्ठांच्या, विद्यार्थ्यांच्या सवलतीची चौकशी करा. चाकांची खुर्ची मिळते का तेही विचारा. अम्मी आधी 'मी काय आजारी आहे का?' म्हणाल्या, पण अर्ध्या तासाने त्याच खुर्चीतून नातवंडांना हुकूम सोडत होत्या.

सगळं बघायचा हट्ट धरू नका. आम्ही दोन तासांत फक्त तीन गोष्टी नीट बघितल्या.

पहिली म्हणजे ही इमारत. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला. गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. ज्या आदिलशाहीच्या महसुली दफ्तरांत मराठी चालत होती, तीच ही आदिलशाही. आणि या घुमटाच्या खाली लाकडी कमानींचं जे कोरीव काम आहे ते नाशिकच्या एका वाड्यातून आणलेलं. माझ्या धाकट्याला शाळेत कुणीतरी विचारलं होतं, 'तुम्ही मुसलमान, मग घरी मराठी कशी बोलता?' त्याला मी त्या घुमटाखाली उभं केलं आणि म्हटलं, "वर बघ, विजापूर. खाली बघ, नाशिक. एकाच छपराखाली आहेत की नाही?" त्याला किती कळलं ठाऊक नाही. पण घरी आल्यावर त्याने चित्रात घुमट काढला आणि खाली नक्षीचे खांब काढायला विसरला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अकबर बादशहाचं चिलखत आणि ढाल. मुलं तिथून हलत नाहीत. 'एवढं वजन अंगावर घेऊन लढायचे कसे?' हा प्रश्न ठरलेला.

तिसरी गोष्ट लघुचित्रांची. या संग्रहात अकबराच्या चित्रशाळेत तयार झालेल्या 'अन्वारे सुहैली'ची पानं आहेत. अशी नाजूक पानं कायम मांडून ठेवत नाहीत, त्यामुळे दिसतीलच असं नाही. पण त्या पुस्तकाचा प्रवास मुलांना जरूर सांगा. आपल्याकडच्या पंचतंत्रातल्या गोष्टी इराणात गेल्या, तिथून आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांनी त्या अरबीत 'कलीला व दिम्ना' म्हणून आणल्या, पुढे त्याच फारसीत 'अन्वारे सुहैली' झाल्या आणि अकबराच्या दरबारात चित्रांसह परत हिंदुस्थानात उतरल्या. शाळेच्या पुस्तकातलं कासव आणि राजहंस केवढं जग फिरून आले बघा!

मुलांना गेटवे ऑफ इंडिया बघायचंच असेल तर ते इथून पायी थोड्याच अंतरावर आहे. तेही विटेट यांचंच काम, १९२४ साली पूर्ण झालेलं. आमच्याकडे मुलं अब्बांबरोबर तिकडे गेली, अम्मी आणि मी संग्रहालयाच्या बागेत बाकावर बसलो. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी गेलंच पाहिजे असं थोडंच आहे?

शनिवार दुपार : मंडई आणि जामा मशीद

टॅक्सीने परत येताना सीएसएमटीसमोर ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगा. समोर घुमट-मिनारांची जी देखणी दगडी इमारत दिसते ती अंजुमन-ए-इस्लामची. संस्था १८७४ सालची, ही इमारत १८९३ ची. स्थापना करणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते, जे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या जोडीला नाखुदा मुहम्मद अली रोगे होते, आपल्या कोकणी जमातीतले. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान. समुद्रावर मिळवलेल्या पैशातून त्या पिढीने मुलांच्या शाळेची सोय केली, एवढं मुलांच्या कानावर घातलं तरी पुरे. शाळा आहे, बाहेरूनच बघायची.

खोलीवर जेवण, नमाज आणि विश्रांती उरकून चारच्या सुमारास बाहेर पडा. जेवणाचं म्हणाल तर आम्ही घरून घावणे आणि सुकं मटण नेलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी घरचं खाल्लं की पोट दोन दिवस साथ देतं.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ ची. दाराच्या वर शेतकऱ्यांची दगडी शिल्पं आहेत, ती लॉकवूड किपलिंग यांची, लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे ते वडील. फळं, सुका मेवा, खजूर, सगळं मिळतं. पण भाव करायची तयारी ठेवा. अम्मींनी अंजिराचा भाव ज्या पद्धतीने खाली आणला, ते बघून दुकानदारच म्हणाला, "खाला, तुम्ही आमच्या बाजूला बसा." समोरच्या बादशाहचा फालुदा मुलांसाठी. साखरेचं दुखणं असलेल्यांनी एक घोट चाखावा आणि ग्लास पुढे सरकवावा.

मंडईपासून जवळच शेख मेमन स्ट्रीटवर मुंबईची जामा मशीद आहे. बांधकाम १८०२ साली पूर्ण झालं. खाली पाण्याचा जुना हौद आहे, त्यातून काळ्या दगडाच्या कमानी वर उठतात आणि त्या कमानींवर मशीद उभी आहे. हौदात मासे फिरतात, काठाला बसून लोक वुजू करतात. भर बाजारातल्या गोंगाटातून आत गेलं की पाण्याजवळची ती शांतता अंगावर येते. या मशिदीच्या कारभारात कोकणी मुसलमानांचा हात पूर्वीपासून आहे. आमची पुरुषमंडळी असरला तिथे गेली. बायकांनी आत कुठवर जावं, कुठे थांबावं, हे दारातल्या मंडळींना आधीच अदबीने विचारून घ्यावं. विचारण्यात कमीपणा नाही, उलट न विचारता परत फिरलो तर रुखरुख राहते.

शनिवार संध्याकाळ : चहा आणि समुद्र

मंडईकडून मरीन ड्राइव्हकडे जाताना धोबी तलावला कयानी हे इराणी हॉटेल लागतं, १९०४ पासूनचं. लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्या, चहा, बन मस्का आणि मावा केक. मस्का लावलेला पाव चहात बुडवायचा, ही इराण्यांनी मुंबईला लावलेली सवय.

हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याच्या अर्धा तास आधी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जागा धरा. तिकीट नाही, रांग नाही, हवा तितका वेळ बसा. अम्मींचं माहेर खाडीच्या काठाचं. त्यांना समुद्राची काय नवलाई, असं मला वाटलं होतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या अब्बांना दवाखान्यात पोचवून मी कितीदा याच शहरात रडले. समुद्र एवढा जवळ होता, ते कुणी सांगितलं नाही गो."

मी काय बोलणार? त्यांचा हात धरून बसले. मगरिबला खोलीवर पोचायला जरा उशीर झाला, पण वेळेत पोचलो.

रविवार सकाळ : राणीची बाग

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, सकाळी साडेनऊच्या सुमारास गाठा. दुपारनंतर रविवारची झुंबड उडते. मुलांना पेंग्विन बघायचे असतात, तर मोठ्यांनी झाडं बघावीत. जुनी, डेरेदार, नावाच्या पाट्या लावलेली झाडं आहेत. सावलीत बाक आहेत, म्हणजे आमच्या नियमात बसणारं ठिकाण.

आवारालाच लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. आतली सोनेरी नक्षी, लोखंडी खांब आणि कठडे बघण्यासारखे. पण मुलांना आवडतात त्या मातीच्या छोट्या बाहुल्या. जुन्या मुंबईतल्या नाना जातिजमातींचे पोशाख, त्यांचे धंदे, त्यांचे खेळ त्यात दिसतात. बाहेरच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे.

ही दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात. शनिवार-रविवारी त्याची चिंता नाही, पण सुट्टीत मधल्या वारी येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

रविवार दुपार : हाजी अली, भरती बघून

आता मागच्या वर्षीची चूक दुरुस्त करायची. हाजी अलीचा रस्ता समुद्रातून जातो आणि मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. वर्तमानपत्रात भरती-ओहोटीच्या वेळा येतात, त्या बघाच. पण चांद्र महिन्याची तारीख ठाऊक असली की अंदाज घरबसल्याही करता येतो. कोकणातल्या जुन्या माणसांना हा हिशोब तोंडपाठ असतो. अमावास्या आणि पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास येते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे चांदाच्या चौदा-पंधरा तारखेला भर दुपारी रस्ता पाण्यात, तर सात-आठ किंवा बावीस-तेवीस तारखेला दुपारी ओहोटी. आपल्या घरात इस्लामी कॅलेंडर भिंतीवर असतंच, फक्त सहलीसाठी त्याकडे बघायचं कुणाला सुचत नाही. या वेळी हा हिशोब अम्मींनीच केला आणि तो बरोबर निघाला.

आत मजारीजवळ जाण्यापासून काही वर्षं बायकांना अडवलं जात होतं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मज्जाव रद्द केला आणि त्यानंतर ती वाट मोकळी झाली. अम्मी आत जाऊन फातिहा पढून आल्या. रस्ता लांब आहे, ऊन लागतं, छत्री आणि पाण्याची बाटली हवीच.

ज्यांना गर्दी नको त्यांनी माहीमला जावं. हजरत मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे नुसते वली नव्हते, मोठे आलिम होते. कोकणाच्या या किनाऱ्यावर बसून त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली. दर्ग्यावर जाणं न जाणं हा ज्याच्या त्याच्या घरचा विचार, पण आपल्या किनाऱ्यावर सहाशे वर्षांपूर्वी इल्मचं असं काम झालं, हे मुलांना ठाऊक असायला हवं. डिसेंबरात तिथे दहा दिवसांची जत्रा भरते, पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. जत्रेच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

रविवार संध्याकाळ : खाणं

शेवट भेंडीबाजारात. नूर मोहम्मदी हे १९२३ पासूनचं हॉटेल नळी निहारीसाठी प्रसिद्ध आहे. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मटण, गरम रोटी, वरून आलं आणि लिंबू. खरं तर निहारी हे सकाळचं खाणं, 'नहार' म्हणजे दिवस. मिनारा मशिदीच्या बाजूला मालपोवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी. मालपोवा चौघांत एकच घ्या, तो दिसतो त्यापेक्षा जड असतो. बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम १८८७ पासून आहे, सांच्यात हाताने फिरवून केलेलं, फळांचे तुकडे घातलेलं. गावी न्यायला सुलेमान उस्मानचं अफलातून बरं, प्रवासात टिकतं.

या भागात जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत, दुकानं जागा बदलतात. म्हणून निघण्याआधी चौकशी करा. बारा लोकांना वाट विचारली तर बाराही जण सांगतात, आणि त्यातले चार जण सोबत चालायला लागतात, ही या मोहल्ल्यांची रीत अजून शिल्लक आहे.

रात्री अम्मींनी गावी फोन लावला. पलीकडून खालाजानने विचारलं असावं, काय काय बघितलं? अम्मी सांगत होत्या, सांगतच होत्या. अकबराचं चिलखत, हौदातले मासे, नातवाचा पेंग्विन, अंजिराचा भाव. दवाखान्याचं नाव त्यात एकदाही आलं नाही. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू पण चल. घाई नसते इथे, बसायला देतात."

तुमच्याही घरात अशी एखादी अम्मी, दादी किंवा फुफी असेल, जिने कामापुरतीच मुंबई बघितली. या महिन्यात दोन दिवस तिच्यासाठी काढा. यादी करताना आधी तिला विचारा, किती चालवेल. बाकीचं इन्शाअल्लाह आपोआप जमतं.

तुम्ही कुणाला घेऊन गेलात, काय आवडलं, कुठे अडलं, हे जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटू. खुदा हाफिज.